बारा चाळीसला आई गेटवर जाऊन उभ्या राहतात

कवडसा (नेरूळ) | सोमवार, रात्री ११:२०

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज वॉचमनकाकांनी जे सांगितलं, त्यानंतर राहवेना.

माझ्या सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते. वय ६९, देवरुखजवळच्या गावातल्या. माझी २६ आठवड्यांची रजा संपली तेव्हा मुलगा जेमतेम सहा महिन्यांचा होता. 'वर्षभर बघते, मग तुमचं तुम्ही बघा' असं म्हणून आई आल्या. मुलगा आता पहिलीत आहे. हिशेब तुम्हीच करा.

सिनियर केजीपर्यंत त्याची बस बारा चाळीसला सोसायटीच्या गेटवर यायची. आई बारा पस्तीसला खाली. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात त्याची छोटी निळी पाण्याची बाटली, कारण शाळेची बाटली तो बसमध्येच संपवतो. वर आणायचं, हातपाय धुवायचे, भात आणि कुळथाची पिठी भरवायची, मग त्याला थोपटत दोघांची झोप. या जूनपासून शाळा पूर्ण वेळ झाली. बस सव्वातीनला येते. घरी आला की दूध पिऊन कराटे, नाहीतर खाली सायकल. आजीच्या वाट्याला तो फारसा येतच नाही.

वॉचमनकाका म्हणाले, "मॅडम, आजी अजून रोज बारा चाळीसला येऊन उभ्या राहतात. मी म्हटलं, आजी, बस आता तीनला येते. तर म्हणाल्या, ठाऊक आहे रे मला. पाच-दहा मिनिटं थांबतात आणि वर जातात." हातात ती निळी बाटली असते.

मी घरी येऊन आईंना काही बोलले नाही. पण गेल्या दोन महिन्यांतल्या गोष्टी एकापाठोपाठ एक आठवायला लागल्या. पहाटे साडेतीनला त्या स्वयंपाकघरात अंधारात बसलेल्या असतात. जेवण अर्धी पोळी. पोथी उघडलेली असते, पण पान तेच. आमटीत दोनदा मीठ पडतं आणि मग स्वतःच म्हणतात, "माझं डोकं गेलं गो आता, माझ्याकडून काही होत नाही." छातीत जळजळतं, पाय ओढतात, चक्कर येते, अशा तक्रारी रोज. जवळच्या डॉक्टरांनी दोनदा पित्ताच्या गोळ्या दिल्या आणि 'वयोमानाप्रमाणे' म्हणून सोडून दिलं. नवराही तेच म्हणतो. मला मात्र स्मृतिभ्रंशाची भीती वाटते आहे. कुणाला अनुभव असेल तर सांगा. रात्र रात्र झोप नाही.

---

पिंपळपान | सोमवार, रात्री ११:५१

वाचून पोटात कालवलं. ती बाटली डोळ्यांसमोरून हलत नाहीये. सल्ला देण्याइतकं मला कळत नाही, पण उद्या रजा टाका आणि दुपारी आईंबरोबर घरी राहा. नुसत्या राहा.

---

वाघबीळ | मंगळवार, सकाळी ७:१५

घोडबंदर रोडला राहतो. माझ्या आईचं अगदी असंच झालं होतं, दोन वर्षांपूर्वी. विसरायची, पाय जड, चिडचिड. आम्ही सगळे तिच्या मनाचा शोध घेत बसलो आणि रक्तात निघालं बी-१२ फारच कमी. शुद्ध शाकाहारी, त्यात मधुमेहासाठी दहा वर्षं मेटफॉर्मिन. त्या गोळीने बी-१२ कमी होऊ शकतं हे आम्हाला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. इंजेक्शनं घेतल्यावर दोन-तीन महिन्यांत पुष्कळ फरक पडला. तेव्हा आधी रक्त तपासा. बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, सोडियम. थायरॉइड मंदावलं तरी माणूस उदास आणि विसराळू होतो.

---

ओंजळ (ठाणे) | मंगळवार, दुपारी २:०५

कवडसा, मी समुपदेशक आहे, वीसेक वर्षं ज्येष्ठांसोबत काम करते. पडद्यावर वाचून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. पण तुम्ही जे लिहिलंय त्यातल्या काही गोष्टींकडे मी लक्ष दिलं असतं.

एक, आई स्वतः म्हणतात की माझं डोकं चालत नाही. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला बहुतेक वेळा उलटं असतं. माणूस विसरणं झाकतो, वेळ मारून नेतो, आणि ते आधी घरच्यांच्याच लक्षात येतं. नैराश्यात माणूस स्वतःच्या विसरण्याची तक्रार स्वतः करतो, प्रश्न विचारला तर प्रयत्न न करता 'मला नाही येत' म्हणतो. हा नियम नव्हे, पण खूण आहे. दुसरं, हे सगळं जूनपासून सुरू झालं असं तुम्ही सांगू शकता. स्मृतिभ्रंशाची सुरुवात अशी महिन्यावर बोट ठेवून सहसा सांगता येत नाही, तो वर्षांच्या गतीने येतो. आणि बस तीनला येते हे आईंना पक्कं ठाऊक आहे. त्या विसरून खाली जात नाहीत.

आपल्याकडची म्हातारी माणसं 'मला उदास वाटतं' असं म्हणत नाहीत. त्यांच्याकडे तो शब्दच नसतो. पाय ओढतात, छातीत जळजळतं, घशाखाली उतरत नाही, ही त्यांची भाषा. मग पित्ताची गोळी मिळते आणि खरं दुखणं तसंच राहतं. ज्येष्ठांमधलं नैराश्य ओळखायला एक साधी प्रश्नावली आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत तयार झाली, आधी ३० प्रश्नांची होती, मग १५ प्रश्नांची छोटी आली. हो किंवा नाही एवढंच उत्तर. त्यात झोप आणि भूक मुद्दाम विचारलेली नाही, कारण ती वयानेही कमी होते. त्याऐवजी आयुष्य रिकामं वाटतं का, आपला काही उपयोग उरला नाही असं वाटतं का, असं विचारतात. आईंसोबत एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाने किंवा वृद्धांच्या आजारांच्या डॉक्टरांनी ती करून घ्यावी.

कानही तपासून घ्या. ऐकू कमी आलं की माणूस गप्पांतून हळूहळू उठून जातो आणि घरच्यांना वाटतं स्वभाव बदलला. स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये मांडले, त्यात कमी ऐकू येणं, नैराश्य आणि एकटेपणा हे तिन्ही आहेत.

आणखी दोन गोष्टी. एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलणं सुरू झालं, रात्र-दिवस कळेनासं झालं, तर वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना. लघवीचा संसर्ग किंवा सोडियम कमी होणं अशी कारणं असतात आणि ती बरी होतात. आणि आई कधी 'आता देवाने उचलावं' असं म्हणाल्या, तर बोलायची पद्धत म्हणून सोडून देऊ नका. जवळ बसून विचारा, जीव नकोसा वाटतो का, तसं काही करावं असं मनात येतं का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट ओझं उतरतं.

---

अण्णा_वाशी | मंगळवार, सायंकाळी ६:३०

माझं वय ७४. मला हे सगळं थोडं खटकतं, म्हणून स्पष्ट लिहितो. माझी आजी नव्वदीपर्यंत जगली, अकरा नातवंडं तिच्या अंगाखांद्यावर वाढली. तिला कुणी प्रश्नावली दिली नाही. प्रत्येक दुःखाला आजाराचं नाव दिलं, तर माणूस स्वतःकडे आजारी म्हणूनच बघायला लागतो. आईंना देवळात न्या, भजनी मंडळात घाला, चार बायकांत बसवा. माणसाला माणूस लागतं.

---

ओंजळ (ठाणे) | मंगळवार, रात्री ९:१०

अण्णा, माणसाला माणूस लागतं हे अगदी खरं, आणि भजनी मंडळाची मी दरवेळी शिफारस करते. पण तुमच्या आजीभोवती अंगण होतं, शेजारणी होत्या, आणि ती स्वतःच्या घरात होती. कवडसाच्या आई तेराव्या-चौदाव्या मजल्यावर दिवसभर बंद दाराआड असतील. आणि जिला अंथरुणातून उठवत नाही, तिला 'भजनाला जा' म्हटलं की नाही जमलं याचा आणखी एक अपराध तिच्या माथी येतो. आधी तेवढं बळ यायला हवं.

तुमच्या पिढीची भीती मला समजते. मी ठाण्यात वाढले. आमच्या लहानपणी कुणी विचित्र वागलं की 'ह्याला ठाण्याला पाठवा' म्हणायचे. इथलं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं, त्यामुळे गावाचं नावच शिवीसारखं वापरलं गेलं. याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली आणि मनाच्या डॉक्टरकडे साध्या माणसांनी साध्या अडचणींसाठी जावं ही सवय हळूहळू लागली. तरी आजही सत्तरीच्या बाई माझ्यासमोर बसतात आणि पहिलं वाक्य असतं, "मी वेडी नाहीये हो."

---

अण्णा_वाशी | मंगळवार, रात्री ९:४४

हे पटलं. अंगणाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

---

नौपाडाकर | बुधवार, सकाळी ६:०५

सकाळचं तलावपाळीला फिरून आलो आणि हा धागा वाचला. वय ७१, दोन नातवंडांना आम्ही दोघांनी वाढवलं. एकच विचारायचं आहे. तुमचे सासरे कुठे आहेत? तुमच्या लिहिण्यात ते कुठेच आले नाहीत.

---

कवडसा (नेरूळ) | बुधवार, सकाळी ८:३५

काका, बसमध्ये तुमचा प्रश्न वाचला आणि घशाशी आलं.

बाबा गावी आहेत. वय ७६. घर आहे, वीसेक हापूसची कलमं आहेत, गोठ्यात एक गाय होती ती मागच्या वर्षी दिली. 'घर बंद ठेवून चालत नाही' असं तेव्हा ठरलं. कुणी ठरवलं हे आता आठवतही नाही. आई इकडे, बाबा तिकडे. गणपतीला आम्ही सगळे जातो, ते आठ दिवस. मे महिन्यात आईंना आमसुलं घालायला जायचं असतं, पण नेमकी तेव्हा मुलाला सुट्टी आणि आम्हाला ऑफिस, त्यामुळे सहा वर्षांत ते दोनदाच जमलं. बाबा कधीतरी येतात. पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट झाल्यापासून जरा जास्त. रात्रीच्या गाडीने येतात, पहाटे नेरूळच्या एलपी स्टॉपला उतरतात, चार दिवस राहतात आणि 'झाडांना बघायला हवं' म्हणून जातात.

४४ वर्षांचा संसार आहे त्यांचा. मी पहिल्या पोस्टमध्ये आईंबद्दल एवढं लिहिलं आणि बाबांचा उल्लेखही केला नाही.

---

नौपाडाकर | बुधवार, सकाळी ९:२०

मनाला लावून घेऊ नका. तुम्हीच काय, आम्ही म्हातारेसुद्धा हे बोलत नाही. आमच्या पिढीत नवरा-बायकोने एकमेकांची आठवण येते म्हणणं म्हणजे लाजिरवाणं. माझी बायको तीन वर्षं पुण्याला मुलीकडे होती, बाळंतपण आणि नंतर. मी इकडे डबा लावला होता. सगळे विचारायचे, जेवणाची सोय काय? जेवणाची सोय होतीच. तिने संध्याकाळी सातला लावलेल्या दिव्यासमोर मी एकटा उभा राहायचो, त्याची सोय नव्हती. तिकडे ती नातवात रमली होती असं आम्ही सगळे धरून चाललो. परत आल्यावर वर्षभराने तिने सांगितलं की ती बाथरूममध्ये नळ सोडून रडायची.

---

चाफेकळी | बुधवार, दुपारी १:१५

नौपाडाकर काकांचं वाचलं आणि आता दुसरी बाजू लिहावीशी वाटते, कारण कवडसा कदाचित लगेच आईंना गावी पाठवायचं ठरवेल.

माझी आई सानपाड्याला भावाकडे राहायची, त्याच्या जुळ्या मुली सांभाळायची. तिचे गुडघे दुखायचे. आम्ही भावंडांनी मोठ्या प्रेमाने ठरवलं की आईला विश्रांती द्यायची. मुलींना पाळणाघरात घातलं, आईला माझ्याकडे आणलं, टीव्ही, आरामखुर्ची, सगळं. दोन महिन्यांत ती खचली. म्हणायची, "मी पडू देईन अशी भीती वाटली का तुम्हाला?" तिला वाटलं तिच्याकडून काही चुकलं म्हणून मुली काढून घेतल्या. आम्ही तिला विचारलंच नव्हतं. सांभाळायला आणतानाही नाही आणि थांबवतानाही नाही.

---

टिपणवही (खारघर) | बुधवार, रात्री १०:४०

मी सार्वजनिक आरोग्यात संशोधन करते, म्हणून या विषयावरची दोन कामं सांगते.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नला ५७ ते ६८ वयाच्या १८६ बायकांचा अभ्यास झाला, २०१४ मध्ये छापून आला. आठवड्यातून एक दिवस नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या बुद्धीच्या चाचण्यांत सगळ्यांत चांगल्या ठरल्या. पण पाच किंवा जास्त दिवस सांभाळणाऱ्यांची कामगिरी एका महत्त्वाच्या चाचणीत, विचारांचा वेग आणि लक्ष तपासणाऱ्या, स्पष्टपणे कमी होती. आणि जितका जास्त वेळ सांभाळणं, तितकं 'मुलं आपल्याकडून फार अपेक्षा करतात' ही भावनाही जास्त.

दुसरा बर्लिनचा, ७० वर्षांवरच्या पाचशेहून जास्त लोकांचा, पुष्कळ वर्षं पाठपुरावा केलेला. अधूनमधून नातवंडांना सांभाळणारे, न सांभाळणाऱ्यांपेक्षा जास्त जगले. पण नातवंडांची पूर्ण जबाबदारी ज्यांच्यावर होती, ते आजी-आजोबा त्या अभ्यासात धरलेलेच नाहीत. आपल्याकडे बातमी येते ती 'नातवंडं सांभाळा, दीर्घायुषी व्हा' एवढीच.

अशा अभ्यासांतून कारण आणि परिणाम काटेकोर वेगळे काढता येत नाहीत. धडधाकट माणसंच सांभाळायला पुढे येतात, असंही असू शकतं. तरी दोन्हींत 'किती' या प्रश्नाला वजन आहे. आपण आजीला 'अधूनमधून' कधी देतच नाही. सकाळी आठ ते रात्री आठ, सहा दिवस, वर्षानुवर्षं. नोकरीत असतं तर कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, रजा मागितली असती.

आणि हे आजीच्या अंगावर का येतं तेही सांगते. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय कायद्याने बंधनकारक आहे. आईने दिवसातून चार वेळा मुलाला भेटावं अशीही तरतूद आहे. तुमच्यापैकी कितीजणींनी ते पाळणाघर डोळ्यांनी पाहिलंय?

---

कवडसा (नेरूळ) | गुरुवार, सकाळी ८:४०

टिपणवही, आमच्या कंपनीचं आहे. दुसऱ्या शहरातल्या मुख्य ऑफिसात. पत्रकात फोटोही छान आहे.

---

शेवंती_ऐरोली | गुरुवार, दुपारी ३:३०

मी आजी आहे. मला टाइप करायला जमत नाही, बोलून लिहिते आहे, चुका होतील.

माझा नातू चार वर्षांचा. मला तो प्राणापेक्षा जास्त आहे, हे आधी सांगते, कारण नंतरचं वाचून लोक म्हणतील आजीला कंटाळा आलाय. मी सकाळी साडेसहाला उठते. सून-मुलगा आठला जातात. मग तो आणि मी. तो झोपला की मी पडते, पण कान त्याच्याकडे असतो, म्हणून झोप लागत नाही. मला भीती वाटते. त्याला काही झालं तर? खिडकीच्या जाळीला तो लोंबकळला एकदा, तेव्हापासून माझी छाती धडधडते. हे मी घरात सांगत नाही. सांगितलं तर म्हणतील, आईला झेपत नाही, बाई ठेवू. मग मी काय करू दिवसभर?

मला पगार नको. मला रविवार हवा. रविवारी सून-मुलगा दमलेले असतात म्हणून रविवारीपण मीच. आणि मला नातवासमोर कुणी बोलू नये. 'आई, त्याला साखर किती देता, आई, त्याला मोबाईल का दिला' हे त्याच्यासमोर म्हणतात. तो परवा मला म्हणाला, "आजी, तुला कळत नाही." चार वर्षांचा.

कवडसा, तुझ्या आईला विचार, तुला काय हवंय. सांगणार नाही लगेच. परत विचार.

---

पिंपळपान | गुरुवार, दुपारी ४:०२

शेवंतीताई, मी आज घरी गेल्यावर माझ्या आईची माफी मागणार आहे. साखरेवरून मीही असंच बोलते.

---

कवडसा (नेरूळ) | रविवार, रात्री ११:०५

आज बोलले. मुलगा आणि नवरा ज्वेल पार्कला फिरायला गेले होते. आई लसूण सोलत बसल्या होत्या, मीही शेजारी बसले. काय होतंय, कुठे दुखतंय, असं काही विचारलं नाही. नुसतं म्हटलं, "आई, बारा चाळीसला खाली का जाता?"

हातातली पाकळी तशीच राहिली. म्हणाल्या, "वॉचमन बोलला वाटतं." मग बऱ्याच वेळाने, "सवय गो. पाय जातात. तिथे उभी राहिले की तेवढा वेळ वाटतं, कुणीतरी येणार आहे आपल्यासाठी."

मी बाबांचं विचारलं. म्हणाल्या, "रात्री फोन येतो. ते विचारतात जेवलीस का. मी विचारते जेवलात का. मग दोघंही गप्प. फोनवर काय बोलणार? घरात असताना तरी कुठे बोलायचो. पण माणूस पडवीत खोकलं की कळायचं, आहे म्हणून."

आणि मग मी चूक केली. चाफेकळीने सावध केलं होतं तरी. म्हटलं, "तुम्हाला गावी जायचंय का?" आईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "म्हणजे माझं काम संपलं इथलं." अर्धा तास त्या रडल्या आणि मीही. त्यांना जायचंही आहे आणि इथे नकोशा झालो असं व्हायलाही नको आहे. मी शेवंतीताईंचं वाक्य वापरलं, "तुम्हाला काय हवंय?" उत्तर नाही मिळालं. परत विचारणार आहे.

बुधवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. 'मनाचे डॉक्टर' म्हटल्यावर आई घाबरल्या, म्हणून ओंजळ म्हणाल्या तसं वृद्धांच्या आजारांच्या डॉक्टरांकडून सुरुवात.

---

उलवेकर | सोमवार, सकाळी १०:१५

नवी मुंबईतल्यांसाठी: महापालिकेची ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्रं बऱ्याच नोडमध्ये आहेत. वर्तमानपत्रं, कॅरम, वाढदिवस, सहली. माझे वडील जातात. बायकांचं येणं काही ठिकाणी कमी असतं, तेव्हा आईंना पहिले चार दिवस कुणीतरी सोबत करा, नाहीतर दारातून परत येतील. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. ज्येष्ठांसाठी वेगळी हेल्पलाइन १४५६७, ती सकाळी आठ ते रात्री आठ.

---

कवडसा (नेरूळ) | पुढच्या महिन्यात, शनिवार, रात्री १०:२०

सगळ्यांनी विचारलं म्हणून लिहिते. बी-१२ कमी निघालं, वाघबीळ, तुमच्यामुळे पहिल्याच दिवशी तपासलं गेलं. थायरॉइड ठीक. डाव्या कानाने पुष्कळच कमी ऐकू येतं, आणि आम्हाला सहा वर्षं वाटत होतं की आई मुद्दाम उत्तर देत नाहीत. ती १५ प्रश्नांची यादीही झाली. डॉक्टर बाईंनी मला बाहेर बसवलं आणि मोठ्याने, सावकाश विचारलं. दारातून मला एकच उत्तर ऐकू आलं, "हो, रिकामं वाटतं." नैराश्यच आहे म्हणाल्या, मध्यम. मानसोपचारतज्ज्ञांनी अगदी कमी मात्रेत गोळी सुरू केली. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे, वयामुळे कदाचित जास्तही लागतील, आणि मध्ये सोडियम तपासायचं, असं सांगितलं.

आता पाच आठवडे झाले. पहाटे पाचपर्यंत झोप लागते. परवा मुलाला ओरडल्या, खणखणीत आवाजात, चपला घेऊन सोफ्यावर चढला म्हणून. नवरा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. इतका आनंद ओरडा ऐकून कधी झाला नव्हता.

आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर उत्तर मिळालं. गणपतीला जायचं आणि तिकडेच थांबायचं, वसुबारसेपर्यंत. दिवाळी ते मार्चअखेर इकडे. एप्रिल-मे आमसुलांना तिकडे, नातवालाही तेव्हा तिकडेच पाठवायचं. हे त्यांनी कॅलेंडर काढून, बोट ठेवून सांगितलं. इकडे असताना तो शाळेतून आला की पाचपर्यंत त्यांचा, कराटे-सायकल त्यानंतर. रविवार भजनी मंडळाचा. मी फक्त लिहून घेतलं. त्या नसताना बस आली की तो आमच्याच इमारतीत पाळणाघर चालवणाऱ्या ताईंकडे, महिना साडेचार हजार. हा खर्च सहा वर्षं आई देत होत्या.

---

ओंजळ (ठाणे) | रविवार, सकाळी ९:००

फार बरं वाटलं. एकच आठवण. गावी गेल्यावर बरं वाटायला लागलं की गोळी बंद करावीशी वाटते, आणि शेजारीपाजारीही तसंच सांगतात. बरं वाटल्यावरही ती काही महिने चालू ठेवावी लागते. थांबवायची तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्याने, हळूहळू. पुढच्या तपासणीची तारीख बाबांनाही सांगून ठेवा. आणि दिवाळीला आल्या की कानाच्या यंत्राचं टाळू नका.

---

नौपाडाकर | रविवार, सकाळी ९:३०

गावी पोचल्यावर एकदा कळवा हो.

---

कवडसा (नेरूळ) | गणपतीनंतर, गुरुवार, रात्री १०:४५

काका, आम्ही रविवारी परत आलो, आई तिकडेच आहेत. निघताना मुलगा रडला, आई नाही रडल्या. त्यांनी पाळणाघरातल्या ताईंसाठी निरोप दिला, उन्हातून आला की खाण्याआधी पाणी द्या. निळी बाटली आता तिकडे ताईंच्या खुंटीला आहे. वॉचमनकाका रोज विचारतात, आजी कधी येणार.

गोळीसाठी बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुल्या मारायला सुरुवात केली आहे. रात्री साडेआठला मुलगा फोनवर आजी-आजोबांना बालभारतीतला एक धडा वाचून दाखवतो. स्पीकर उजव्या कानाशी धरायचा हे बाबांना आता पाठ झालंय.

आज त्याला झोप आली म्हणून मी जरा लवकर फोन केला. आई म्हणाल्या, "थांब, ह्यांना वाढते आहे, मग करते." मग काही केला नाही.

---

नौपाडाकर | गुरुवार, रात्री ११:०२

आज बायकोला हे वाचून दाखवलं.